एक बोट सैल

१

वहिनींना सगळे वहिनीच म्हणत. आधी नणंद म्हणायची, तिचं ऐकून नवरा चेष्टेने म्हणू लागला, नवऱ्याचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि शेवटी दुकानाच्या पाटीवरही 'वहिनींचं शिवणघर' असंच रंगवलं गेलं. खाली दुकान, वर राहायची जागा, मध्ये कुरकुरणारा लाकडी जिना. दिवसभर मशीन, कात्री आणि इस्त्री. गळ्यात सदानकदा टेप. जेवायला बसतानाही तो काढून ठेवायचं त्यांच्या लक्षात राहत नसे.

गिऱ्हाइकाला त्या आरशासमोर उभं करायच्या आणि ठरलेलं वाक्य म्हणायच्या, "सरळ उभे राहा, हात सैल सोडा, श्वास सोडा." मग टेप फिरायचा. गळ्यापाशी आल्या की टेप आणि गळा यांच्या मधे त्या आपलं एक बोट घालायच्या.

"एवढं सैल हवंच," त्या म्हणायच्या. "बोट न घालता माप घ्यायचं ते फक्त ज्याचं श्वास घ्यायचं काम संपलंय त्याचं."

गिऱ्हाईक आधी दचकायचं आणि मग खो खो हसायचं. वहिनींना हा विनोद फार आवडायचा, त्यामुळे नवऱ्याला, म्हणजे दादांना, तो रोज ऐकावा लागे. त्यांचा आणखी एक हट्ट होता. एकदा माप घेतलं की कपडा शिवायचाच. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तरी त्या शिवून ठेवायच्या आणि कुणाला तरी देऊन टाकायच्या. घेतलेलं माप तसंच पडून राहिलं की त्यांना चैन पडत नसे.

आणि गिटार. लग्नाआधीपासूनची, दणदणीत, एखाद्या ट्रंकेसारखी. नणंदेचा नवरा गेला तेव्हा नणंदेने बोलणंच टाकलं होतं. वहिनी रोज दुपारी तिच्याशेजारी जाऊन बसायच्या, काही विचारायच्या नाहीत, नुसती गिटार वाजवायच्या. एका दुपारी नणंद गुणगुणली, दुसऱ्या दिवशी गायली, आणि मग बोलायला लागली ती अशी की दादा म्हणाले, "बटण कुठंय हिचं?" नणंद वाचनालयात ग्रंथपाल. तिथल्या वरच्या दालनात दर रविवारी दुपारी ती गायची, वहिनी साथ करायच्या, आणि चाळीसेक माणसं कपाटांना टेकून ऐकायची.

यंदा वहिनींचा उजवा खांदा धरला. त्या ट्रंकेवरून हात टाकला की कळ थेट डोक्यात जायची. दोन रविवार गाणं झालं नाही. नणंद पुन्हा गप्प होऊ लागली. तिला विचारलेल्या प्रश्नाला तिने नुसतं "हं" म्हटलं त्या दिवशी वहिनींना त्या मुक्या दुपारी आठवल्या. त्यात ते दालन रविवारी आपल्याला मिळावं म्हणून बुद्धिबळवाले टपून बसले होते.

"लहान गिटार घे," दादा म्हणाले. "कोट घट्ट झाला की तू माणूस बदलतेस की कोट?"

२

गिटारवाला म्हणजे एक आडदांड गृहस्थ. हात असे, की चहाचा कप त्यात दिसेनासा व्हावा. दुकानात खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत गिटारी टांगलेल्या, मध्ये एक बिनहाताचं स्टूल.

"बसा. आणि डोळे मिटा," तो म्हणाला.

"का हो? किंमत बघून मिटायचे ना?"

"ते नंतर आपोआप मिटतात." तो गडगडून हसला. "डोळे उघडे ठेवून निवडणारा लाकडाचा रंग घेऊन घरी जातो आणि महिन्याभरात पाठ धरून परत येतो. गिटार मांडीला आणि काखेला विचारायची. मी एकेक देतो, तुम्ही फक्त सांगा."

ही पद्धत वहिनींना एकदम पटली. कापडसुद्धा त्या डोळे मिटून चिमटीत धरून बघायच्या. त्यांनी डोळे मिटले.

पहिली मांडीवर आली. कड हाताला रुतली. "नको." दुसरी छान चपटी होती, पण नेक, म्हणजे तारांचा दांडा, इतकी जाड की अंगठा रुसला. "नको." तिसरी सारखी समोर घसरायची. प्रत्येक वेळी ते दांडगे हात गिटार सरळ आणून ठेवायचे आणि बाजूला व्हायचे, त्यांना तंबाखूचा आणि पॉलिशचा वास होता. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

"पार्सल आलं वाटतं. तुम्ही डोळे मिटूनच ठेवा."

वहिनी बसून राहिल्या. बाहेरून रहदारीचा आवाज येत होता. मग चौथी गिटार मांडीवर आली.

आली म्हणजे अलगद ठेवली गेली. लहानशी, हलकी, कमरेत बारीक. उजव्या मांडीवर ती अशी बसली, जणू तिथे तिच्यासाठी खळगा होता. एका हाताने त्यांचं कोपर खालून उचललं, थोडं पुढे घेतलं आणि तिथेच धरून ठेवलं. खांदा आपोआप खाली आला. मग छाती आणि गिटार यांच्या मधे एक बोट सरकलं, क्षणभर थांबलं आणि निघून गेलं.

वहिनींनी तारा छेडल्या. दुखलंच नाही. त्यांनी आणखी जोरात वाजवलं, मग नणंदेचं आवडतं गाणं सुरू केलं आणि स्वतःशीच मोठ्याने हसू लागल्या.

"हीच!" त्या म्हणाल्या. "हीच द्या. अहो, आणि तुम्हाला शिवणकाम कुणी शिकवलं?"

त्यांनी डोळे उघडले. गिटारवाला दारात पाठमोरा उभा होता, दोन्ही हातांत भलंमोठं खोकं, आणि पार्सलवाल्याशी हुज्जत घालत होता.

तो आत आला तेव्हा त्याने त्यांच्या मांडीकडे पाहिलं. "अरेच्चा. ही तर कोपऱ्यात मागे होती. तुम्हीच उठून घेतलीत का?"

"तुम्ही दिलीत ना?"

गिटारवाल्याने डोकं खाजवलं. "दिली असेन. हल्ली चष्मा माझ्या डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधतो."

वहिनींनाही ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. कोपराखालचा हात मात्र लहान होता. गिटारवाल्याच्या हाताची तीन बोटं जेवढी होतील तेवढाच. आणि त्याला कसलाच वास नव्हता.

"सोमवारपर्यंत घरी नेऊन वाजवा," गिटारवाला म्हणाला. "नाही मानवली तर परत आणा. मी रागवत नाही."

३

त्या संध्याकाळी घरात नुसता धुमाकूळ झाला. नणंद आली ती दारातच थबकली.

"वहिनी, ही गिटार आहे की गिटारचं पिल्लू?"

"तू गा आधी, मग बोल."

नणंदेने गायला सुरुवात केली ती दबकत, तिसऱ्या ओळीला मान वर केली, आणि दुसऱ्या गाण्याला तर ओट्यावरचं झाकण घेऊन ताल धरला. दादांनी लाटणं माइकसारखं धरून दोघींच्या मधे नाच केला. समोरच्या इमारतीतली बाई गॅलरीत येऊन टाळ्या वाजवू लागली. वहिनींनी थांबायचं नावच घेतलं नाही. कितीतरी दिवसांनी आपला खांदा आपलाच आहे असं त्यांना वाटत होतं, आणि नणंदेच्या गालावर रंग परत आलेला पाहून डोळे भरून येत होते.

"रविवारी बुद्धिबळवाल्यांना घोड्यावर बसवून परत पाठवू," नणंद म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की तिला ठसका लागला.

ती गेल्यावर दादा म्हणाले, "अगं, पण तू हात असा अधांतरी कसा काय धरतेस? दुखत नाही?"

वहिनींनी खाली पाहिलं. त्यांचं कोपर गिटारला टेकलेलं नव्हतं. गिटारच्या वर, बोटभर अंतरावर, कशावर तरी विसावलेलं असावं तसं ते निवांत होतं. त्यांनी कोपर खाली दाबून पाहिलं. ते खाली गेलं, पण सावकाश, कुणीतरी नाइलाजाने जाऊ द्यावं तसं.

"सवयीने जमतं," त्या म्हणाल्या.

४

एवढ्या गोड गिटारला खोळ नको? वहिनींनी घरातलं सगळ्यात चांगलं जाड कापड काढलं, निळं, आत मऊ अस्तर. गिटार टेबलावर आडवी ठेवून खडूने आखली, शिवणीसाठी जास्तीचं धरलं, कापलं, शिवलं, कडेने चेन लावली. दुपारच्या चहापर्यंत खोळ तयार.

गिटार आत गेली. चेन वरून सुरू झाली, नेकवरून सुळकन उतरली आणि कमरेपाशी अडकली. कापडाच्या दोन कडा एकमेकींपासून वीतभर लांब राहिल्या.

वहिनींचं माप चुकलं! दादांनी हे ऐकलं आणि खुर्चीत बसून घेतलं. "थांब, तारीख लिहून ठेवतो."

"गप्प बसा हो."

त्यांनी टेप लोखंडी पट्टीला लावून पाहिला. टेप बरोबर होता. खोळ उसवून गिटारवर पसरली, कापड आणि गिटार अगदी तंतोतंत. पुन्हा शिवली. पुन्हा कमरेपाशी वीतभर कमी. अस्तर जाड असेल, त्यांनी स्वतःला समजावलं, आणि अस्तर काढलं. मग कापड आटलं असेल. पण न भिजवलेलं कापड आटेल कसं? शेवटी त्यांनी गिटार आत असताना खोळीत हात घातला, कुठे दुमडलंय का ते बघायला.

गिटारची कमर जिथे आत वळते तिथे मोकळी जागा असायला हवी होती. त्यांचा हात तिथपर्यंत गेलाच नाही. लाकूड लागायच्या आधीच बोटं थांबली. मऊ नाही, कडक नाही, ऊन मात्र होतं, नुकत्याच इस्त्री केलेल्या कॉलरइतकं. आणि ते किंचित बाजूला सरकलं, गर्दीच्या बाकावर कुणी आपल्याला जागा करून द्यावी तसं.

वहिनींनी हात बाहेर काढला आणि गिऱ्हाईक नसताना दुकानाचं शटर ओढून घेतलं. मग त्या वर गेल्या, दिवा लावला, बाहेर ऊन असताना.

दादांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? की चुकीचं नाही, बरोबर माप घाबरवतंय म्हणून? पण डोक्यात एक गोष्ट सुईसारखी टोचत राहिली. गिटारवाल्याच्या दुकानात त्या बोटाने त्यांचं माप घेतलं होतं. शिंप्याच्या पद्धतीनेच, सैल ठेवून. आणि माप घेतलं म्हणजे काहीतरी शिवायचं असतं.

५

शनिवारी त्या गिटार चादरीत गुंडाळून परत घेऊन निघाल्या. जाताना वाटेत वाचनालय लागलं. खिडकीत नणंद उभी होती, दालनातल्या खुर्च्या पुसत होती आणि गात होती. तिने हात हलवला. वहिनींनीही हलवला आणि चादर छातीशी घट्ट धरून पुढे गेल्या.

"नाही मानवली?" गिटारवाल्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"दुसरी दाखवा. एवढीच लहान."

त्याने दाखवल्या. एकीची कड हाताला लागली नाही, एकीचा आवाज तर लोण्यासारखा होता. पण पहिल्याच कडव्याला खांदा ठणकू लागला, प्रत्येकीला. खांदा दाखवला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा, नियमाने.

"आता माझीच द्या," वहिनी म्हणाल्या आणि डोळे मिटले. "तुम्ही स्वतः ठेवा."

तंबाखूचा वास आला. दांडग्या हातांनी गिटार सरळ आणून मांडीवर ठेवली. वहिनींनी वाजवली. खांद्यात कळ आली. ती नुसती एक लहानशी गिटार होती, बऱ्यापैकी, बस्स. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, पण पुढच्याच श्वासाला इतकं वाईट वाटलं की त्या स्वतःच चकित झाल्या. म्हणजे खांदा सांभाळत होती ती गिटार नव्हतीच. उद्या नणंद खुर्च्या मांडून वाट बघेल आणि मग "हं" म्हणायला लागेल.

गिटारवाला दूर गेला. त्याची चप्पल मागच्या खोलीत वाजत होती. वहिनींनी डोळे उघडले नाहीत. का ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. त्या नुसत्या बसल्या, आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाल्या, "बघा बाई. यायचं असेल तर या."

कोपर उचललं गेलं.

भीतीने त्यांच्या मानेवर काटा आला आणि त्याच वेळी खांदा सैल पडला, इतका की त्यांना हसू फुटलं. दोन्ही एकदमच झालं.

गिटारवाला धावत आला. "काय झालं?"

"काही नाही. घेऊन जाते," वहिनी म्हणाल्या. "कायमची."

६

रविवारी दालन भरून गेलं. बुद्धिबळवालेही आले होते, काखेत पट घेऊन, 'आम्ही सहज' असा चेहरा करून. नणंद उभी राहिली, वहिनी स्टुलावर बसल्या, दादा पहिल्या रांगेत.

असं गाणं त्या दालनात कधी झालं नव्हतं. नणंदेचा आवाज आधी पुस्तकांच्या कपाटांना घाबरल्यासारखा होता, मग तो त्यांच्यावरून गेला, खिडकीबाहेर गेला. खालून जाणारी दोन माणसं जिना चढून वर आली. तिसऱ्या गाण्याला बुद्धिबळवाल्यांच्या म्होरक्याने पट उलटा करून त्यावर ठेका धरला. नणंद गाता गाता वहिनींकडे वळली आणि तिने डोळा मारला. नवरा गेल्यापासून तिने कुणाला डोळा मारला नव्हता. वहिनींना वाटलं, यासाठी काहीही चालेल. काहीही.

त्यांच्या समोर पुस्तकांचं काचेचं कपाट होतं. वाजवताना त्यांची नजर सहज तिकडे गेली. काचेत जाड पुस्तकांच्या पाठींवर त्यांची सावलीसारखी आकृती होती. स्टूल, गिटार, तारांवरून धावणारा उजवा हात.

आणि त्या हाताच्या कोपराखाली चार बोटं. लहान, गोरी नाहीत, काळी नाहीत. कपड्याची शिवण तपासताना धरतात तशी काळजीने धरलेली. बोटांच्या मागे मनगट होतं, मनगटामागे गिटारची कमर, आणि त्या कमरेच्या बाकात, वहिनींच्या मांडीवर, गिटारला बिलगून काहीतरी मान वाकवून बसलं होतं. ते त्यांच्याकडे बघत नव्हतं. ते गाणाऱ्या नणंदेकडे बघत होतं.

टाळ्यांनी काच हादरली. मग काचेत नुसती पुस्तकं होती.

"वहिनी, आणखी एक!" नणंद ओरडली.

वहिनींनी पुढचं गाणं धरलं, आणि ते आधीच्यापेक्षाही चांगलं झालं.

७

घरी आल्यावर दादा नणंदेला सोडायला गेले. अजून उजेड होता, दुकानात पिवळं ऊन तिरकं पडलं होतं. वहिनींनी निळ्या कापडाचा उरलेला तागा काढला, गिटार टेबलावर ठेवली आणि गळ्यातला टेप हातात घेतला.

या वेळी त्यांनी लाकडाचं माप घेतलं नाही. टेप गिटारच्या कमरेभोवती सैल फिरवला, लाकडापासून लांब, हवेत, आणि हळूहळू ओढत आणला. वीतभर अलीकडेच टेप अडला, ताणला गेला, आणि आत काहीच नसताना गोल राहिला. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि टेपच्या आत आपलं एक बोट घातलं.

"एवढं सैल हवंच," त्या म्हणाल्या.

खोळ शिवून झाली. चेन नेकवरून उतरली, कमरेपाशी आली आणि लोण्यातून सुरी जावी तशी खालपर्यंत गेली. निळी खोळ एका बाजूने फुगीर दिसत होती, बेढब, शिवणघरातलं सगळ्यात वेडंवाकडं काम. वहिनींनी तिच्यावरून हात फिरवला. त्यांना स्वतःच्या कुठल्याच कामाचा इतका आनंद झाला नव्हता.

त्यांनी टेप परत गळ्यात टाकला आणि वळून आरशासमोर उभ्या राहिल्या. केस सारखे करायला, बाकी काही नाही.

मागे चेनचा आवाज झाला. वरून खाली, सावकाश.

आरशात दुकान होतं तसं होतं. टेबल, मशीन, पिवळं ऊन, आणि आता फुगवटा उतरून गिटारला टेकलेली निळी खोळ. वहिनींच्या गळ्यातला टेप हलला. त्याचं एक टोक खांद्यावरून मागे गेलं, पाठीची रुंदी मोजून परत आलं, दंडावरून मनगटापर्यंत उतरलं. हाताखाली, छातीभोवती. कामसू, शांत, अजिबात घाई नाही. वहिनी पळाल्या नाहीत. पाय हलणारच नाहीत हे त्यांना कळत होतं, पण खरं सांगायचं तर त्यांनी हलवूनही पाहिले नाहीत. माप देतोय, मग मापच नीट द्यावं. त्यांनी पाठ ताठ केली, हात सैल सोडले, श्वास सोडला.

शेवटी टेप गळ्यापाशी आला. गोल फिरला, दोन्ही टोकं कंठापाशी भेटली आणि आवळू लागली.

वहिनी वाट बघत राहिल्या. बाहेर दादांचा आवाज येत होता, ते जिन्यापाशी नणंदेचंच गाणं बेसूर गात होते. टेपची कड कातडीला लागली. रोज शंभरदा सांगितलेला विनोद त्यांना आठवला आणि त्या हसल्या नाहीत.

मग टेप आणि गळा यांच्या मधे, अलगद, एक लहानसं ऊन बोट येऊन थांबलं.